नाल्यातील काळी रेती आणि पांढरी भुकटी : टायटॅनियमच्या ऑक्साइड खनिजांविषयी विचारणा

प्रश्न — मास्तर_दारव्हा

सर्व जाणकारांस नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या गावाच्या खालच्या अंगाने एक नाला वाहतो आणि पुढे अडाण नदीला मिळतो. पोळ्याच्या सुमारास मोठा पूर येऊन गेल्यावर नाल्याच्या वळणावर, जिथे पाण्याचा जोर ओसरतो तिथे, रेतीवर काळ्या दाण्यांचे बोटभर रुंदीचे पट्टे उमटलेले दिसले. अकरावीच्या दोन मुलांनी जुन्या भोंग्यातले चुंबक पॉलिथिनच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवले, तेव्हा बरेचसे दाणे झुबक्यांनी पिशवीला चिकटले, पण काही काळे, चकचकीत दाणे खालीच राहिले. काळ्या रेतीत इल्मेनाइट असते आणि इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी करतात, असे मुलांनी कुठेतरी वाचले आणि तेव्हापासून 'सर, आपणही करू' असा त्यांचा धोशा चालू आहे. विज्ञान प्रदर्शन डिसेंबरात आहे.

माझी स्वतःची अडचण अशी की, या विषयात माझे ज्ञान पाठ्यपुस्तकापलीकडे जात नाही. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरे असते असे मी शिकवतो, आणि आमच्या कपाटातील रूटाइलचा नमुना मात्र तांबूस तपकिरी, जवळजवळ काळा आहे. रूटाइल, ॲनॅटेज आणि ब्रुकाइट या तिन्हींचे सूत्र एकच असेल, तर तीन नावे कशासाठी? आमच्या नाल्यातील दाण्यांत यांपैकी काय असण्याची शक्यता आहे? आणि शाळेच्या प्रयोगशाळेत, जिथे धुराड्याचे (विषारी वाफा बाहेर ओढून नेणारे) कपाटही नाही, तिथे ही भुकटी तयार करणे शहाणपणाचे ठरेल काय? कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद — खडकवाचक_भंडारा

मास्तर, तुमच्या मुलांनी जे केले तेच १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाने केले होते. मॅनॅकन गावाजवळच्या ओढ्यात त्याला चुंबकाकडे ओढली जाणारी काळी रेती मिळाली, आणि तिच्यातील लोह बाजूला काढल्यावर उरलेला ऑक्साइड कोणत्याही ज्ञात धातूचा नाही हे त्याच्या ध्यानात आले. पुढे १७९५ मध्ये मार्टिन क्लाप्रोट या जर्मन रसायनज्ञाला तोच धातू रूटाइलमध्ये सापडला आणि त्याने त्याला टायटॅनियम हे नाव दिले. म्हणजे या धातूची कथा सुरू होते तीच मुळी नाल्यातल्या काळ्या रेतीपासून.

आता तुमच्या नाल्याकडे येतो. दारव्ह्याचा सारा मुलूख दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे आपण घरबांधणीला गिट्टी वापरतो त्या काळ्या दगडाचा आहे. या दगडात टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण वजनाने साधारण दोन ते तीन टक्के भरते, पण ते सुट्या रूटाइलच्या रूपात जवळपास नसतेच. बेसाल्टचा रस निवताना त्यात लोह भरपूर असल्याने टायटॅनियम लोहाशी जोडले जाते आणि दोन खनिजे तयार होतात : टायटॅनोमॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट. पहिले जोरदार चुंबकीय असते, म्हणून भोंग्याच्या चुंबकाला चिकटलेले दाणे बहुतांशी त्याचेच समजावेत. इल्मेनाइट नेहमीच्या तापमानाला चुंबकाला फारच क्षीण प्रतिसाद देते. त्यासाठी जुन्या संगणकाच्या हार्डडिस्कमधून निघते तसले निओडिमियमचे चुंबक घ्या आणि दाण्यांच्या अगदी जवळ न्या. त्याला चिकटणारे आणि भोंग्याच्या चुंबकाला न चिकटणारे दाणे वेगळे ठेवा.

मात्र खाली राहिलेले सगळे काळे दाणे इल्मेनाइटचे, असे धरून चालू नका. बेसाल्टमध्ये ऑजाइट नावाचे सिलिकेट खनिज विपुल असते, तेही काळे दिसते आणि निओडिमियमला तेही थोडेफार ओढले जाऊ शकते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कस. फरशीच्या झिलई नसलेल्या मागच्या बाजूवर दाणा दाबून घासा, किंवा दोन-चार दाणे खलात बारीक करा. इल्मेनाइटची पूड काळी, क्वचित किंचित तपकिरी येते, ऑजाइटची मात्र फिकट करडी-हिरवट येते. वजनानेही फरक कळतो : इल्मेनाइटची घनता ४.७ च्या आसपास, ऑजाइटची ३.३ च्या आसपास. थाळीत पाणी घेऊन रेती गोल फिरवत धुतली की ऑजाइट आधी निघून जाते आणि जड काळी रेती तळाशी चंद्रकोरीसारखी उरते. आपल्याकडे सोनझारी समाजाची माणसे सराफा ओळीतील नालीचा गाळ धुताना हेच करतात. सोन्याच्या कणाआधी त्यांच्या थाळीत शेवटपर्यंत चिवटपणे टिकून राहते ती ही काळी रेतीच.

रूटाइल हवे असेल तर पूर्वेकडे, आमच्या बाजूला यावे लागेल. भंडारा-गोंदियाकडचे खडक बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने आणि रूपांतरित आहेत. साकोली भागातील कायनाइटयुक्त खडकांसारख्या ठिकाणी रूटाइल दुय्यम खनिज म्हणून सुईसारख्या किंवा ठेंगण्या मनोऱ्यासारख्या स्फटिकांत येते. खाणीच्या मलब्यात बसून भिंगाने शोधल्यास त्याची तांबूस, जवळजवळ धातूसारखी चमक नजरेत भरते. शुद्ध रूटाइल खरे तर रंगहीन असते. तुमच्या कपाटातील नमुन्याचा तांबडा रंग लोह, नायोबियम यांसारख्या भेसळीचा आहे. वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने त्याला दिलेले नावही 'तांबूस' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आलेले आहे.

तीन नावांचे कारण रचनेत आहे. तिन्हींत प्रत्येक टायटॅनियम अणूभोवती सहा ऑक्सिजन अणू असतात आणि त्यांची एक आठ पृष्ठांची आकृती बनते. या आकृत्या शेजारच्या आकृत्यांशी किती कडांनी जोडल्या जातात, यावर सगळा भेद अवलंबून आहे : रूटाइलमध्ये दोन, ब्रुकाइटमध्ये तीन आणि ॲनॅटेजमध्ये चार कडा सामाईक असतात. एकाच मापाच्या विटा निरनिराळ्या तऱ्हेने रचाव्यात, तसे हे आहे. रूटाइलची रचना सर्वांत घट्ट असल्याने त्याची घनता सुमारे ४.२५ आणि कठिनता ६ ते ६.५ असते, तर ॲनॅटेजची घनता सुमारे ३.९ आणि कठिनता ५.५ ते ६ असते. ब्रुकाइट या दोघांच्या मध्ये येते, त्याचे स्फटिक पातळ पत्र्यासारखे असतात, आणि ते आपल्या भागात सापडण्याची फारशी आशा धरू नये.

एक जुनी गोष्ट जाता जाता. आपल्या काळ्या मातीचा रंग टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमुळे आला, असे जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतून लिहिलेले असे. रंगाचा मोठा वाटा चिकणमाती आणि तिला घट्ट बिलगलेल्या सेंद्रिय द्रव्याचा आहे, असे आता मानतात. तरी वावरातील ढेकूळ पाण्यात विरघळवून तळाशी चुंबक फिरवले, तर हे दाणे हमखास मिळतात. मुलांना तेही करायला सांगा.

प्रतिसाद — परीक्षानळी_अमरावती

खडकवाचक साहेबांनी खनिजांची बाजू इतकी नेटकी मांडली आहे की मी थेट तयार करण्याच्या प्रश्नाकडे वळतो. मी पदव्युत्तर विभागात गेली काही वर्षे हीच भुकटी निरनिराळ्या रीतींनी बनवतो आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

काळ्यापासून पांढरे काढणे म्हणजे लोहापासून सुटका करून घेणे, एवढाच या साऱ्या उद्योगाचा गाभा आहे. शुद्ध इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड वजनाने ५२.६ टक्के असते, उरलेला भाग लोहाच्या ऑक्साइडचा. कारखान्यांत दोन मार्ग चालतात. सल्फेट पद्धतीत इल्मेनाइटची पूड तीव्र सल्फ्युरिक आम्लात शिजवतात. लोह आणि टायटॅनियम दोन्ही विरघळतात. द्रावण थंड केले की लोहाचा हिराकस हिरव्या खड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि उरलेले द्रावण उकळले की टायटॅनियमचा पांढरा, चिकट साका खाली बसतो. तो धुऊन ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या दरम्यान भाजला की भुकटी तयार होते. हिशेब केला तर ८० ग्रॅम भुकटीमागे २७८ ग्रॅम हिराकस निघतो, म्हणजे मालाच्या साडेतीनपट उपपदार्थ, आणि त्यावर वापरलेले आम्ल वेगळेच. दुसऱ्या, क्लोराइड पद्धतीत रूटाइल किंवा तत्सम समृद्ध कच्चा माल कोकसोबत सुमारे ९०० ते १००० अंशांना क्लोरीनमध्ये तापवतात. त्यातून टायटॅनियम टेट्राक्लोराइड हे १३६ अंशांना उकळणारे द्रव मिळते. ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात आणि तप्त ऑक्सिजनमध्ये जाळतात. क्लोरीन परत मिळतो आणि पुन्हा वापरला जातो. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावरील रेतीतून निघणारा कच्चा माल तेथेच या रीतीने वापरला जातो.

इल्मेनाइटला रूटाइलच्या तोडीस आणण्याची एक युक्ती मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात ती बेचर पद्धत म्हणून ओळखली जाते. इल्मेनाइट कोळशासोबत फिरत्या भट्टीत तापवून त्यातील लोहाचे धातुरूप लोखंड करतात, मग तो माल पाण्यात घालून त्यात हवा सोडतात आणि थोडा नवसागर टाकतात. लोखंड दाण्याच्या आतून गंजत बाहेर येते, गंज वेगळा होऊन वाहून जातो, आणि टायटॅनियमचे ऑक्साइड मागे राहते. कल्हईवाल्याच्या पोतडीतला नवसागर इथे गंज धरायला मदत करतो, हे वर्गात सांगितले की मुले पटकन कान टवकारतात.

प्रयोगशाळेत आम्ही खनिजापासून सुरुवात करतच नाही. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड हे द्रव प्रोपॅनॉलमध्ये मिसळून त्यात किंचित आम्लयुक्त पाणी थेंबाथेंबाने सोडतो. पावसाळ्यात बाटलीचे झाकण क्षणभर उघडे राहिले तरी हवेतील दमटपणाने तोंडाशी पांढरा थर धरतो, इतके ते पाण्याला आसुसलेले असते. द्रावणाचे साबुदाण्याच्या खळीसारखे जेल होते, ते वाळवून ४५० अंशांना भाजले की ॲनॅटेज मिळते. तीच पूड ८०० अंशांच्या वर नेली की रूटाइल. हा बदल साधारण ६०० अंशांच्या पुढे सुरू होतो, पण कणांचा आकार आणि भेसळ यांनुसार तो बराच मागेपुढे सरकतो. एकदा रूटाइल झाले की थंड केल्यावर ते परत ॲनॅटेज होत नाही. वजनात फरक पडत नाही, आकारमान मात्र सुमारे ८ टक्क्यांनी आकसते, म्हणून दाबून केलेली टिकली भट्टीतून तडकलेली बाहेर येते. यात माझ्या कितीतरी टिकल्या गेल्या आहेत. ब्रुकाइट निखळ स्वरूपात मिळवणे सर्वांत कठीण, बहुधा ते ॲनॅटेजच्या सोबतीनेच येते.

गुणधर्मांत पहिला मान अपवर्तनांकाचा, म्हणजे पदार्थ प्रकाश किती वळवतो त्या मापाचा. हिऱ्याचा २.४२, आणि रूटाइलचा दिशेनुसार २.६ ते २.९. रंगातील तेलाचा जेमतेम १.५ असतो, त्यामुळे तेलात मिसळलेला प्रत्येक कण प्रकाश इतस्ततः उधळतो आणि पातळ थरही भिंत झाकून टाकतो. दुसरा गुण प्रकाश-उत्प्रेरणाचा. ॲनॅटेजचे ऊर्जा-अंतर ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या, अतिनील किरणांनी ते जागे होते आणि भोवतीच्या सेंद्रिय द्रव्याचे विघटन करते. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी रूटाइलच्या विद्युतअग्रावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, तिथून या अभ्यासाला खरा वेग आला.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो : तापवलेले तीव्र सल्फ्युरिक आम्ल, धुराड्याचे कपाट नसताना, अकरावीच्या मुलांसमोर, मुळीच नको. त्याऐवजी दोन गोष्टी करा. ॲनॅटेजची पूड रसायनांच्या दुकानातून विकत घ्या. मिथिलीन ब्ल्यूचे फिकट निळे द्रावण तीन बाटल्यांत भरा : एकीत ॲनॅटेज घालून उन्हात, दुसरीत ॲनॅटेज घालून काळ्या कापडात गुंडाळून, तिसरीत नुसता रंग उन्हात. बाटल्या मधूनमधून हलवत राहा. आपल्याकडच्या उन्हाला या कामी तोड नाही, काही तासांत पहिल्या बाटलीतला निळा रंग विरत गेलेला दिसेल.

दुसरी गोष्ट, रेतीत टायटॅनियम आहे हे सिद्ध करण्याची. ही तुम्ही स्वतः, उघड्या व्हरांड्यात, वाऱ्याकडे पाठ करून करा. दाण्यांची चिमूटभर बारीक पूड चिनी मातीच्या मुशीत पोटॅशियम बायसल्फेटच्या आठ-दहापट पुडीसोबत मिसळून वितळवा. रस स्वच्छ झाला की निवू द्या, मग तो विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवून गाळा. लोहाचा पिवळा रंग घालवण्यासाठी थोडेसेच फॉस्फोरिक आम्ल टाका आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचे काही थेंब. टायटॅनियम असेल तर पिवळा ते नारिंगी रंग उमटतो.

प्रतिसाद — संत्राबाग_वरूड

मी शेतकरी माणूस, रसायनशास्त्राशी संबंध बारावीपर्यंतच आला. तरी दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. वर हिराकस म्हणून जो उपपदार्थ सांगितला, तो म्हणजे संत्र्याची नवती पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की आम्ही फवारतो ते फेरस सल्फेटच ना?

दुसरे असे की, दोन वर्षांपूर्वी घराच्या दर्शनी भिंतीला स्वस्तातला पांढरा रंग लावला होता. आता त्या भिंतीला टेकून बसले की पाठ पांढरी होते. दुकानदार म्हणतो पाण्याचा दोष, रंगारी म्हणतो दुकानदाराचा. यात त्या ॲनॅटेजचा काही हात असेल काय?

प्रतिसाद — परीक्षानळी_अमरावती

भाऊ, हिराकस म्हणजे तेच फेरस सल्फेट, सात रेणू पाण्यासह. फवारणीसाठी मात्र शेतीच्या दर्जाचेच घ्यावे, कारखान्यातील उपपदार्थात इतर धातू आणि आम्लाचा अंश असू शकतो.

भिंतीबद्दल, न पाहता खात्री देता येत नाही, पण तुम्ही सांगता ते लक्षण ओळखीचे आहे. बाहेरच्या रंगात ॲनॅटेज वापरले की उन्हात ते आपल्या भोवतीच्या चिकट द्रव्याचेच विघटन करू लागते, कण मोकळे होतात आणि हाताला भुकटी लागते. म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी रूटाइल, आणि तेही ॲल्युमिना व सिलिकाचा पातळ लेप दिलेले, वापरतात. चुना किंवा खडूची भुकटी जास्त आणि चिकट द्रव्य कमी असलेला रंगही असाच सुटतो, तेव्हा दोष कोणाचा हे एकट्या भिंतीवरून ठरवू नका.

मास्तर_दारव्हा

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मध्ये दिवाळीची सुटी होती.

थाळीत धुऊन आणि दोन्ही चुंबके वापरून आम्ही रेतीचे तीन वाटे केले. भोंग्याच्या चुंबकाला चिकटलेला वाटा सर्वांत मोठा निघाला. निओडिमियमला चिकटलेल्या वाट्यातील दाणे एकेक करून फरशीवर घासले, तेव्हा दहापैकी सहा दाण्यांचा कस हिरवट करडा आला, म्हणजे साहेबांनी इशारा दिला तो ऑजाइट. चार काळे.

रासायनिक परीक्षणात पहिल्या दिवशी मी दोनदा फजीत झालो. मूस गरम असताना ओट्यावरील ओल्या फडक्यावर टेकवली गेली आणि टक्कन दुभंगली. दुसऱ्या मुशीत सर्व नीट झाले, पण पेरॉक्साइड टाकूनही रंग काही येईना. द्रावण तसेच फिकट राहिले आणि मुलांचे चेहरे पडले. नंतर लक्षात आले की प्रथमोपचार पेटीतली पेरॉक्साइडची बाटली कित्येक वर्षे पडून होती. झाकण उघडले तर फुसकाही आवाज नाही, जखमेवरही तिला फेस आला नसता. मेडिकलमधून नवी बाटली आणली, उरलेल्या द्रावणात चार थेंब टाकले, आणि थेंब पडला तिथून नळीच्या तळापर्यंत हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रंग उतरत गेला. दोघेही मुले काही वेळ बोललीच नाहीत.

गोंधळ एवढाच की, भोंग्याच्या चुंबकाला चिकटलेल्या, म्हणजे मॅग्नेटाइट समजलेल्या दाण्यांनीही तसाच, किंबहुना थोडा गडद रंग दिला. हे कसे? आणि एका मुलाने विचारले की हा रंग व्हॅनेडियमचा तर नसेल ना, कारण त्याने तसे कुठेतरी वाचले होते.

प्रतिसाद — खडकवाचक_भंडारा

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, शंका रास्त आहे. व्हॅनेडियमही आम्लात पेरॉक्साइडशी तांबूस तपकिरी रंग देते, आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यात तर व्हॅनेडियमयुक्त मॅग्नेटाइटची नोंदच आहे. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम टक्क्याच्या काही शतांश भागांइतके आणि टायटॅनियमचे ऑक्साइड काही टक्के, तेव्हा हळदीसारखा पिवळा रंग टायटॅनियमचाच मानायला हरकत नाही. पुस्तकात फ्लोराइड टाकून खातरजमा करण्याची रीत दिलेली आढळेल. ती शाळेत करू नका, कारण फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते आणि ते कातडीतून आत शिरते.

चुंबकीय दाण्यांचे म्हणाल, तर टायटॅनोमॅग्नेटाइट हे नावच त्याचे उत्तर आहे. त्यात टायटॅनियम मॅग्नेटाइटच्या स्फटिकातच सामावलेले असते. शिवाय लाव्हा सावकाश निवताना त्याच दाण्याच्या पोटात इल्मेनाइटच्या केसाएवढ्या पट्ट्या वेगळ्या होतात. पॉलिश केलेला दाणा परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर या पट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या जाळीसारख्या दिसतात. दाणा कितीही बारीक कुटा, चुंबकाने त्या सुट्या होत नाहीत, आणि म्हणूनच विदर्भातील प्रत्येक नाल्यात टायटॅनियम असूनही कोणी त्याची खाण काढत नाही. किनाऱ्यावर लाटा जे काम शेकडो वर्षे करत राहतात ते आपल्या नाल्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत जमत नाही, आणि तिथे इल्मेनाइटचे दाणेही मुळात सुटे असतात.

प्रदर्शनात तिन्ही वाटे तीन काचेच्या नळ्यांत ठेवा, प्रत्येकीसमोर तिच्या परीक्षणाची नळी ठेवा. पेरॉक्साइडचा रंग काही दिवसांत फिका पडतो, तेव्हा द्रावण आदल्या दिवशीच करा. बाटलीवर आणल्याची तारीखही लिहून ठेवा.